पट्ट्याच्या शेवटी

हातमोजे दोन जोड घाल, लिले,
वरच्या जोडाचा एका रात्रीत चोथा होतो.
इथे उभी राहा, माझ्या डाव्या हाताला.
पट्ट्याकडे एकटक बघू नकोस,
नाहीतर थोड्या वेळाने पट्टा थांबतो
आणि जमीनच चालायला लागते.
माझी चालली होती. पहिल्या रात्री मी ओकले होते.

वर, त्या पत्र्याच्या शेडमध्ये, हातोडे फिरतात.
अख्खी मोटार आत जाते, दिव्या-आरशांसकट,
आणि तळहाताएवढी होऊन बाहेर येते.
बहुतेक पोतीच्या बंदरातून येतात इथे, रुस्तावीला,
अमेरिकेतल्या कुठल्याशा पुरात बुडालेल्या,
सीटच्या शिवणीत अजून तिकडची वाळू.

पहिला वारा.
फोम, कापड, गालिच्याचे केस, हलके ते सारे उचलतो,
त्या उलट्या शंकूत नेऊन गरगर फिरवतो,
भिंतीवर आपटतो, आणि ते घसरत जाते खालच्या पोत्यात.
मधून हवा वर निघून जाते, स्वच्छ,
जणू तिने काही केलेच नाही.
काखेतीत माझी आई गहू उफणायची,
सूप हातात धरून वाऱ्याची वाट बघत बसायची.
इथला वारा वीजबिलावर येतो.

मग चुंबकाचा ढोल.
गंजके, रंगवलेले, वाकडेतिकडे, त्याला सगळे सारखे,
लोखंड असले म्हणजे झाले.
अर्धा वळसा पोटाशी धरतो, पलीकडे सोडतो,
भट्टीच्या वाटेला.

दुसरा ढोल नखरेल.
पोटात चुंबक इतक्या वेगाने फिरतात
की ॲल्युमिनियमच्या अंगात विजेचे भोवरे उठतात,
आणि तुकडा उडतो. कुणी हात लावलेला नसतो.
तांब्याची उडी आखूड, जड ना ते.
रबर मुकाट काठावरून खाली.

उडालेले सगळे टाकीत.
पाण्यात लोखंडी पूड कालवून ते इतके जड केलेय
की ॲल्युमिनियम तरंगते. हसू नकोस, उद्या दाखवते.
तांबे, पितळ तळाला.
तळाचे ते आपले.

लाल दिसले, लाल पिंप. पिवळे, पिवळे.
जस्त करडे, हाताला जरा खरबरीत.
मधूनच स्टेनलेस येते चुकून,
चुंबकाला नको झालेले, ढोलाने नीट न उडवलेले,
ते त्या निळ्यात. मला त्याचे उगीच वाईट वाटते.
नाणी बादरीच्या डब्यात.
वाकलेली चिल्लर कुठली बँक घेत नाही, तरी तो जमवतो.

चौथ्या वर्षी एक हिरवी लाडा आली.
झाउरीची. तीन हातांतून विकली गेलेली.
दाराला रंग मी स्वतः दिला होता,
ब्रशचे फराटे उठले होते, त्यावरून ओळखली.
तो जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.
दार चुंबकाने नेले असणार, सीट वाऱ्याने,
गिअरबॉक्सची खोळ मारली असेल उडी.
माझ्यापर्यंत पहाटे आले ते एवढेच:
घराची पितळी चावी. वाकलेली, दात शाबूत.

ह्या चावीवरून आम्ही एक अख्खा हिवाळा भांडलो, पोरी.
तू हरवलीस. नाही, तू.
शेवटी त्याने कुलूप बदलले आणि जेवताना बोलणे सोडले.

त्याच्या मोटारीत सापडली, म्हणजे त्यानेच.
पण शेजारच्या सीटवर मीही बसायचे,
पर्स उघडी टाकून.
आता हे कोणता ढोल निवडून देणार?

कुठल्या पिंपात टाकली म्हणतेस?
पितळ कुठल्या पिंपात जाते, आत्ताच सांगितले ना.
समोर बघ. रबर आले, काढ ते.
आणि बोट रोलरजवळ नेऊ नकोस,
त्याला बोटसुद्धा कळत नाही.